भिंतीतला खर्ज

मुद्रितं तपासून पोट भरणाऱ्या त्या बाईंना सुट्टीच्या सकाळी एकच व्यसन होतं. जुन्या लॅपटॉपवर त्यांनी लिनक्स चढवलं होतं आणि त्यातल्या सॉफ्टवेअर सिंथेसायझरवर सूर घडवत त्या दार लावून बसत.

त्या दिवशी हेडफोन चढवून पट्टी दाबली, तर सगळं चिडीचूप. आवाज वाढवला, तरी तेच. सूर दोन सप्तकं खाली उतरवला, तो वाजतच राहील अशी सोय केली आणि बाई सेटिंगांच्या रानात शिरल्या.

तासाभराने पायाखालची फरशी हादरली. हेडफोन काढून त्या स्वयंपाकघरात धावल्या आणि उंबऱ्यातच थिजल्या. ओट्यामागच्या भिंतीला हातभर भगदाड. त्यात कोपरापर्यंत हात घातलेला प्लंबर. शेजारी टॉर्च धरून नवरा. आणि सगळ्यावर घुमणारा एक जाड, अखंड आवाज.

"हे काय चाललंय?" बाईंनी कसंबसं विचारलं.

"पाइपात हवा कोंडलीय. कपाटातली भांडी थडथडतायत. तुला हाका मारून घसा बसला माझा."

"पाइप तर ठणठणीत आहे, साहेब," प्लंबर आतून म्हणाला.

बाईंनी कान दिला. हा त्यांचाच खर्ज होता. नजर कपाटावर गेली. तिथे नवऱ्याच्या ब्लूटूथ स्पीकरचा निळा दिवा शांतपणे जळत होता.

"हा कधी लावलास?"

"सकाळी. बातम्या ऐकायच्या होत्या. पण फोनला जोडलाच जाईना, म्हणून दिला सोडून."

फोनला कसा जोडला जाणार? तो केव्हाच बाईंच्या लॅपटॉपला जाऊन चिकटला होता.

प्लंबरने बाईंच्या नजरेमागे नजर नेली. कपाटाला तळवा लावून पाहिला. मग भगदाडाकडे बघितलं आणि त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. बाई मुकाट्याने आत गेल्या आणि सूर बंद करून आल्या.

"गेला बघा," प्लंबर कुणाकडेही न बघता म्हणाला.

"याला म्हणतात हात!" नवरा खूश झाला. "आता हातासरशी हिच्या खोलीचीही भिंत फोडा. तिथून तर दर सुट्टीला काहीबाही ऐकू येतं."



"तिथलं फोडण्यासारखं नाही, साहेब," प्लंबर घाईघाईने हातोडा पिशवीत कोंबत म्हणाला. "मी ताईंना समजावून सांगतो."

दाराशी पोचल्यावर त्याने आवाज खाली आणला. "ताई, त्या खर्जात थोडा पंचम मिसळा. भिंत फोडताना सारखं चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं."

तो जिना उतरून गेला तरी बाई दारातच उभ्या होत्या. पंचम खरोखरच हवा होता.