दोन गाठींचे पास्तेल

"गाठी कसल्या मोजत बसायच्या, मा? यंदा रंगीत धागा! आंधळ्यालाही कळेल!"

आंधळ्याला रंग कसा कळणार, हे अन्सेल्मला सुचलंच नाही. नाताळाला सासूबाईंचा हात प्लास्टरमध्ये होता आणि बारा वर्षांत पहिल्यांदा जावयाला पास्तेल बांधायला मिळणार होते!

मक्याच्या पिठात खिमा भरायचा, केळीच्या पानात गुंडाळायचा, वाफवायचा. खिम्यातलं गुपित सासूबाईंचं, म्हणजे मा यूलालीचं. कालच एका हाताने, दार लावून तिने तो शिजवला होता. "नीट बांधलेस तर कृती तुला सांगेन," ती म्हणाली होती. अख्ख्या अरिमा गावात ती कृती कुणाला ठाऊक नव्हती.

"एक गाठ कोंबडी, दोन गाठी बीफ," मा म्हणाली. "सासूपासून चालत आलंय. आज सुनेची आई, आपल्या विहीणबाई, पहिल्यांदा येणार आहेत. त्यांना बीफ चालत नाही."

"हिरवा कोंबडी, लाल बीफ! निर्धास्त राहा!"

दोन पातेली वेगळी ठेवली, पण निथळायला अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस एकाच टोपलीत. बघतो तर काय, वाफेने रंग पार उडालेला! सगळे धागे मळक्या पांढऱ्या रंगाचे!

तेवढ्यात दारात विहीणबाई दुलारीबाई, आणि मागे थोरला जावई शफिक. "काय साडूभाऊ, घाम का फुटलाय?"

अन्सेल्मने एक पास्तेल फोडला. खिमा जाळलेल्या साखरेत परतलेला, त्यामुळे कोंबडी काय नि बीफ काय, दोन्ही सारखेच काळे!

"मला दोन्ही चालतं, मी चाखतो," शफिक म्हणाला.

"तू बस," मा गरजली. "बीफही हलाल खाटकाकडचंच आहे, तू पोटभर जेव. ज्याने घोळ घातला, तोच चाखेल! आणि उष्टं करायचं नाही. नव्या चमच्याने कोपरा काढायचा."

अन्सेल्म बसला. पहिले दहा मजेत गेले. विसाव्याला जीभ बधिर झाली. तिसाव्याला पट्टा सैल केला. दुलारीबाईंनी आल्याचं पाणी पुढे केलं. बिचाऱ्याचे डोळे भरून आले. कृती तर गेलीच होती, आता अब्रूही चालली होती.

अठ्ठेचाळिसावा गिळून तो पुटपुटला, "कोंबडी. ऑलिव्ह, मनुका, केपरच्या खारवलेल्या कळ्या, रानकोथिंबीर... आणि भाजलेलं जिरं. जिरं फक्त कोंबडीत."



"जिरं?" दुलारीबाई उभ्याच राहिल्या. "खिम्यात भाजलेलं जिरं तर आमच्या घरचं!"

मा यूलाली लाजून लाल झाली. "तुमच्या मुलीच्या लग्नात तुमच्या चुलीपाशी उभी होते ना मी... तेव्हा पाहिलं. विचारायची लाज वाटली."

"अहो, विचारायचं काय त्यात!" दुलारीबाईंनी विहिणीचा धड हात धरला. दोघी हसता हसता रडायला लागल्या.

मग मा अन्सेल्मकडे वळली. "सगळं बरोबर ओळखलंस. कृती आता तुझी. पुढच्या वर्षी खिमा तूच करायचा."

अन्सेल्मची छाती फुगली. पोट आधीच फुगलेलं होतं.

"आणि बांधायचं, मा?"

"ते शफिक करेल. त्याला दोनपर्यंत मोजता येतं."