आंबा रिसिव्हरच्याच हातात

गोपाळकृष्ण ऊर्फ अण्णांनी सकाळी उठून पहिलं काम काय केलं असेल, तर टेलिफोनचा रिसिव्हर काढून बाजूला ठेवला आणि त्यावर टॉवेल टाकला. मग समाधानाने चहा प्यायला.

कारण सोपं होतं. त्या दिवशी दमयंतीबाई येणार होत्या. आल्यावर मजूर नाहीत हे कळलं की त्या फोन मागणार, आणि फोन लागला की कुठून तरी माणसं उभी करणार. बाई तशी होती. मजूर येणार नाहीत याची व्यवस्था अण्णांनी आदल्या दिवशीच केली होती. मुकादम काशीरामला स्वतः सांगून आले होते, "उद्या येऊ नकोस."

अण्णा आणि त्यांचा धाकटा भाऊ बाळा यांचा बागेवरून दावा चालू होता. घरात मध्ये भिंत घातली होती. बागेत घालता येईना, कारण दगडी गडग्यावरचं आंब्याचं मोठं कलम नेमकं कोणाच्या बाजूला, हेच कोर्टाला ठरवायचं होतं. ते ठरेपर्यंत कोर्टाने बागेवर रिसिव्हर नेमला. म्हणजे त्रयस्थ माणूस. त्याने आंबे उतरवून घ्यायचे, विकायचे, हिशेब कोर्टात द्यायचा. पहिल्या रिसिव्हरवर दोघा भावांनी मिळून तक्रार केली. दुसऱ्याचं ब्लडप्रेशर वाढलं. मग २००१ च्या मे महिन्यात वकील दमयंतीबाईंची नेमणूक झाली आणि बाररूममधल्या काळ्या कोटांना हसू आवरेना. "ती बाई? ते दोघे रडवतील तिला बागेत!" स्वतः ज्या कामाला हात लावायला घाबरतात, त्याच कामावर हसायला ही जात सगळ्यात पुढे. बाईंनी नेमणुकीचा कागद पिशवीत घातला. पण हे काम फसलं तर दुसरं मिळणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. भावांनाही. बाईंना काढून टाकण्याचा अर्ज दोघांनी टाईप करून ठेवला होता. एक आंबा जरी जमिनीवर पडला तरी 'हलगर्जीपणा' म्हणून तो अर्ज दाखल होणार होता.

दमयंतीबाई आल्या, छत्री गडग्याला टेकवली आणि म्हणाल्या, "व्यापाऱ्याचा टेम्पो दुपारी येतोय. मजूर कुठे आहेत?"

"काय सांगू बाई," अण्णा कळवळले, "हल्ली माणसांचा भरवसाच राहिला नाही."

"फोन करते."

"फोन डेड आहे."

"घळ द्या. मी बघते काय ते." घळ म्हणजे आंबा काढायची जाळी लावलेली लांब काठी.

"घळ मोडली," बाळा म्हणाला. मोडली नव्हती. त्याने ती पहाटे स्वतःच्या न्हाणीघराच्या छपरात खोचली होती. मजूर येऊ नयेत म्हणून तोही काशीरामला भेटून आला होता. पण अण्णांना हे माहीत नव्हतं, आणि अण्णांचं त्याला.

"दोरी आणि टोपली आणा. टोपलीतून खाली सोडता येतील."

"दोरी वाटणीत त्याने नेलीन," अण्णा म्हणाले. "टोपली माझी आहे. माझी टोपली त्याच्या दोरीला लागणार नाही."

"माझी दोरी पण हलकट टोपलीला लागणार नाही," बाळा म्हणाला.

गडग्यावर अण्णांचे जावई शार्दूल बसून हे ऐकत होते. ते बायको ऋजुताबरोबर अमेरिकेहून चार दिवसांसाठी आले होते. बरोबर तिकडच्या फुटबॉलचा चेंडू आणला होता, दोन्ही टोकांना निमुळता. सासूबाई हेमाकाकूंनी तो पहिल्या दिवशी सोललेला नारळ समजून देवापुढे ठेवला होता.

"तिकडे पण रिसिव्हर असतो," शार्दूल म्हणाले. "मी आमच्या ऑफिसच्या टीममध्ये रिसिव्हरच आहे."

"तो काय करतो?" दमयंतीबाईंनी विचारलं.

"आपला माणूस लांबून बॉल फेकतो. रिसिव्हर पळत जाऊन झेलतो. झेलला की समोरचे चारपाच जण त्याच्या अंगावर पडतात."

"म्हणजे माझंच काम. तुम्हाला हेल्मेट तरी मिळतं." बाईंनी पदर कमरेला खोचला, चपला काढल्या. "मजूर नाहीत तर नाहीत. मी चढते."

"छे छे, तुम्ही कशाला? मी चढतो!" शार्दूल उठलेच.

तेवढ्यात पडवीतून हेमाकाकूंचा आवाज आला, "अहो! जावयाला झाडावर चढवताय? हातपाय मोडला तर माझ्या पोरीने काय करायचं? लाज नाही वाटत बघत उभं राहायला? चढा तुम्ही!"

अण्णांनी आजूबाजूला पाहिलं. सुटका नव्हती. धोतराचा काचा मारून ते झाडावर चढले. ते पहिल्या फांदीवर पोचतात तोच बाळाच्या डोक्यात वीज चमकली. अण्णा एकटा झाडावर गेला, म्हणजे झाडाचा ताबा अण्णाचा! उद्या वकील कोर्टात हेच मांडेल. बाळाने बनियनवरच पलीकडून झाडाला मिठी मारली.

अशा रीतीने दावा झाडावर गेला. दोघेही फांदीवर बसून धापा टाकत होते. खाली हेमाकाकू आणि भिंतीपलीकडून आलेली बाळाची बायको मथुरा, दोघी पेट्यांत पेंढा पसरून तयार बसल्या. त्यांच्यात भांडण नव्हतंच कधी. ते करायला त्यांना वेळ कुठला?

"आंबे खाली द्या," दमयंतीबाई म्हणाल्या.

अण्णांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "कोर्टाचा हुकूम आहे बाई. माल रिसिव्हरच्याच हातात. बायकांकडे नाही, जावयाकडे नाही. झेला!"

"बरोब्बर!" वरून बाळा ओरडला. दहा-बारा वर्षांत पहिल्यांदाच तो भावाला बरोबर म्हणाला.

पहिला आंबा आला. बाईंच्या हातावर आपटून उडाला, तो त्यांनी कसाबसा छातीशी दाबून धरला. वर दोघे खुसखुसले.

"तसं नाही," शार्दूल धावत आले. "ओंजळ करा. करंगळ्या जुळवा. बॉल हातात येईपर्यंत नजर हलवायची नाही. आणि तो आला की हात त्याच्याबरोबर खाली न्यायचे. अडवायचं नाही, घ्यायचं."

"अडवायचं नाही, घ्यायचं," बाई पुटपुटल्या. दुसरा आंबा ओंजळीत असा उतरला, जसं झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं.

मग भावांनी आपला खरा स्वभाव दाखवला. अण्णा डावीकडे टाकत, बाळा उजवीकडे. अण्णा फेकायचं नाटक करत आणि थांबत. बाळा न सांगता सोडी. पन्नाशी गाठलेली ती बाई अनवाणी, पाचोळ्यावरून इकडून तिकडे धावत होती. चीक लागून हात चुरचुरत होते, अंबाडा सुटला होता, पण ओंजळ सुटली नाही. झेलला की हेमाकाकूंकडे, पुढचा मथुराकडे, आणि परत झाडाखाली. मी म्हणतो, बाररूममध्ये हसणाऱ्या एकेकाला त्या दिवशी त्या कलमाखाली उभं करायला हवं होतं. पहिल्या आंब्यालाच कोट सांभाळत पळाले असते.

मध्येच एक हिरवागार, कोवळा आंबा आला. बाईंनी तो झेलला, फिरवून बघितला आणि मान वर केली. "बाळासाहेब, हा तयार नाही. परत लावा."

"परत कसा लावू?"

"ते तोडायच्या आधी विचारायचं."

मथुरा तोंडाला पदर लावून हसली. त्यानंतर कोवळा आंबा आला नाही.

टेम्पोचा हॉर्न वाजला तेव्हा शेंड्याचे दोनच आंबे उरले होते. एक अण्णांच्या हातात, एक बाळाच्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सख्खे भाऊ ते, न बोलता कळतं. दोघांनी एकदम सोडले. एक पूर्वेला, एक पश्चिमेला.

"जावईबापू, तो तुमचा!" बाई ओरडल्या आणि स्वतः पूर्वेकडे धावल्या.

शार्दूल आडवे झेपावले. पोटावर पडले, घसरले, कोपर सोललं. पण पुढे केलेल्या ओंजळीत आंबा होता. पूर्वेला बाईंच्या हातात दुसरा.

"हरकत आहे!" बाळा वरून गरजला. "तो कोर्टाचा माणूस नाही!"

"माझ्या सांगण्यावरून झेललान. माझाच हात समजा," बाई म्हणाल्या. "एकही आंबा जमिनीवर पडलेला नाही. दिसतोय का कुठे? बघा, वरून चांगलं दिसतं."

शार्दूल अजून मातीतच पडून आंब्याकडे बघत होते. ऋजुताने हात देऊन उठवलं. "लागलं का?"

"ऋजुता, दोन वर्षं मी त्या टीममध्ये नुसता पळतोय गं," ते म्हणाले. "माझ्याकडे कोणी कधी काही फेकलंच नव्हतं."

बाईंनी तो आंबा त्यांच्याकडून घेतला, पेटीत ठेवला आणि पेट्या टेम्पोत चढल्या. मग हात धुवायला त्या घरात गेल्या. टेलिफोनवरचा टॉवेल त्यांनी हात पुसायला उचलला. खालचा रिसिव्हर त्यांनी पाहिला आणि जागेवर ठेवला. ठेवल्याठेवल्या फोन वाजला. त्यांनी उचलला.

"अण्णा? मी काशीराम. सकालपास्नं फोन लावतोय, यंगेजच लागतोय!"

"मी रिसिव्हर बोलतेय. दमयंतीबाई."

"बाई, तुमीच सांगा आता. काल अण्णांनी सांगितलान, येऊ नको. मागनं बाळाभाऊ येऊन तेच सांगून गेला. दोघांचं एकमत झालं म्हनून इचारतोय, केस मिटली काय?"

दमयंतीबाईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. दोघे भाऊ अजून फांदीवरच होते. आधी उतरेल त्याचा ताबा गेला, म्हणून कोणीच उतरत नव्हता.

"नाही मिटली रे," बाई म्हणाल्या. "पण उद्या माणसं पाठवू नकोस. परवाही नको. दोन मिळालीत मला. नवशिकी आहेत, पण झाडावरून खाली येतच नाहीत."