साळवेकाकांचं वासरू

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन मोटारींच्या मधोमध, पांढऱ्या पट्ट्यांच्या आत, अगदी नियमाप्रमाणे एक बोकड उभा असतो. त्याचं नाव वासरू. तो इतका माजलाय की नवे कुरिअरवाले त्यालाच वॉचमन समजून पाकिटं दाखवतात. मागच्या दिवाळीला त्यानं एका मोटारीला अशी धडक दिली, की मोटारीच्या मालकानं बोकडाचीच माफी मागितली.

बोकडाचे मालक शमुवेल साळवे, दुसरा मजला. मूळचे नगर जिल्ह्यातले, जन्मानं ख्रिस्ती, आयुष्य टूलरूममध्ये, पत्र्याला आकार देणारे साचे म्हणजे डाय घडवण्यात गेलेलं. निवृत्तीनंतरही चाकणच्या एका छोट्या प्रेस शॉपमध्ये डाय तपासायला जातात. पिंपरीच्या आमच्या संत तुकाराम नगरात त्यांना सगळे साळवेकाका म्हणतात. त्यांच्याकडे मोटार नाही. पार्किंगची जागा मात्र आहे. म्हणून तिथं वासरू.

"पार्किंग वाहनांसाठी असतं, साळवे!" सेक्रेटरी देशपांडे दर मीटिंगला ओरडतात.

"आमचा प्रभू शहरात आला तो गाढवावर बसून," काका शांतपणे म्हणतात. "वाहन कशाला म्हणायचं, ते तुमी ठरवणार व्हय?"

काकांच्या डोक्यात बायबल आणि टूलरूम एकाच कपाटात ठेवलेली आहेत, आणि कपाटाला दार नाही. एकदा मी लिफ्टमध्ये अडकलो. बाहेरून काकांचा धीर देणारा आवाज आला, "भिऊ नको लेका! योना माशाच्या पोटात तीन दिवस होता."

"तीन दिवस?" मी आतून किंचाळलो.

"शेवटी माशानं वकून टाकला की त्याला. लिफ्टबी वकंल."

तिसऱ्या मजल्यावरच्या जिमवाल्या पोराला त्यांनी शमशोनाची गोष्ट सांगितली. केस कापले आणि ताकद गेली! पोरानं इतके केस वाढवले, की कंपनीत डोक्यावर सेफ्टी हेल्मेट बसेना आणि सुपरवायझरनं त्याला गेटवरून परत पाठवला. देशपांड्यांना काका फारो म्हणतात, कारण गुलामांचा पुढारी मोशे पुन्हापुन्हा येऊन 'माझ्या लोकांना जाऊ दे' म्हणाला तरी मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, त्या राजाच्या तोंडून 'जा' निघेना. देशपांडेही गच्चीवर पापड वाळवायला 'हो' म्हणत नाहीत. सुरुवातीला ते चिडले. फारो राजा होता हे कळल्यावर गप्प बसले.

ही लागण अख्ख्या बिल्डिंगला झालीय. तळवड्याच्या चौकातल्या ट्रॅफिकला आता आम्ही सगळे 'तांबडा समुद्र' म्हणतो. मोशेनं काठी उगारली तेव्हा समुद्र दुभंगला आणि त्याची माणसं कोरड्या पायांनी पार झाली. मागून फारोचे रथ आले, ते सगळे बुडाले. आमच्या चौकात पोलिसानं काठी उगारली की समुद्र आणखी गच्च होतो आणि सगळेच बुडतात. माझी बायको सुनीता संकष्टी चुकवत नाही, पण सासरची माणसं महिनाभर राहायला आली की तीसुद्धा पुटपुटते, "टोळधाड आली, काका सांगतात तशी."

काकांची स्कूटर हे आणखी एक प्रकरण. तिचं नाव बलामाची गाढवी. बलाम नावाच्या माणसाची गाढवी रस्त्यात अडून बसली, कारण तिला पुढं देवदूत दिसत होता आणि मालकाला दिसत नव्हता. मालकानं तिला बदडलं आणि पस्तावला. काकांची स्कूटर चाकणला जाताना रोज त्याच तळवड्याच्या चौकाजवळ बंद पडते. मागचे टेम्पोवाले काकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. काका हँडल थोपटत म्हणतात, "तिला देवदूत दिसला असंल, भावा. मी काय बलाम न्हाई मारायला."

एकदा माझी मोटारसायकल गॅरेजला होती, म्हणून मी ही गाढवी चाकणला नेली. लोण्यातून सुरी जावी तशी गेली. चौकात तर जरा जास्तच जोरात.

"काका, गाडी कुठंच बंद पडली नाही!"

"देवदूत दिसायला लायकी लागती," काका म्हणाले.

पुढच्या आठवड्यात माझी कंपनीची बस चुकली आणि मी काकांच्या मागे बसलो. चौक आला. गाढवी थांबली. पण त्याआधी काकांचा अंगठा गुपचूप किल्लीकडे गेलेला मी पाहिला होता. ती अडली नव्हती; त्यांनीच तिला अडवली होती. काका आयटी पार्कच्या गेटकडे बघत होते. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पोरं आत-बाहेर करत होती. पोरांचा लोंढा ओसरला, काकांनी किल्ली फिरवली आणि म्हणाले, "गेला देवदूत."

संध्याकाळी घरी पोचेपर्यंत मी हे पोटात ठेवलं. माझ्यासारख्या माणसाला हे किती जड गेलं असेल, ते मला ओळखणाऱ्यांनी समजून घ्यावं.

आता वासराकडे. दर नाताळात, शाकाहारी देशपांडे सोडले तर, आख्खी बिल्डिंग त्या बोकडाकडे अशा नजरेनं बघते की त्याच्या जागी मी असतो तर राजीनामा दिला असता. आणि दर नाताळात काका घरोघर करंज्या आणि कोंबडीची बिर्याणी पाठवतात.

"आणि वासरू?"

"त्याचा सण येगळा हाय. यायचाय अजून."

शेवटी फारोनं हुकूम काढला. रविवारपर्यंत बोकड हलवा, नाहीतर सोसायटी हलवेल. रविवारी सकाळी टेम्पो फाटकाशी उभा राहिला. देशपांडे दोरी सोडायला वाकले आणि काका आडवे आले.

"त्यो येईपर्यंत राहू द्या. हात जोडतो."

"कोण येईपर्यंत? येणार तरी कोण आहे?"

काका वासराशेजारी खाली बसले. आजवर त्यांनी आम्हाला सगळ्या गोष्टी ऐकवल्या होत्या, एक सोडून. ती त्यांनी आता सांगितली. एका बापाचा मुलगा घर सोडून दूर देशी जातो. बाप वाट बघत राहतो. सगळं गमावून मुलगा परत येतो, तेव्हा बाप त्याला जवळ घेतो आणि सगळ्या गावाला जेवायला घालतो. त्या जेवणासाठी घरात एक वासरू खाऊपिऊ घालून पोसलेलं असतं.

"आता पिंपरीत खरं वासरू बांधलं असतं तर गोष्ट भलतीकडंच गेली असती," काका म्हणाले. "म्हणून बोकड."

त्यांचा अमोल आयटीत आहे. काकांची बायको गेली त्या वर्षी तो चर्चला जायचा बंद झाला. आईसाठी एवढ्या प्रार्थना केल्या, काय झालं, म्हणाला. काकांनी ताटावरून उठवून त्याला सांगितलं, पुन्हा तोंड दाखवू नको. त्यानं शब्द पाळला.

"आणि दूर देश कुठला?" देशपांड्यांनी विचारलं.

"तळवडे. नोकरी तिथंच, घरबी तिथंच."

एरवी मी हसलो असतो. तांबडा समुद्र मध्ये धरला तर तळवडे खरोखरच दूर आहे, पण तो दिवस तसा नव्हता.

"अहो काका, मग फोन करा की त्याला!" मी म्हणालो.

"गोष्टीत फोन न्हाई, लेका. बाप वाट बघतो. पोरगा येतो. जसं लिव्हलंय तसं व्हायला पायजे. ड्रॉइंगमधल्या मापाच्या बाहेर काम गेलं की घडवलेला जॉब रिजेक्ट."

सुनीता सगळ्यांसाठी चहा घेऊन आली होती. तिनं ट्रे देशपांड्यांच्या मोटारीच्या बोनेटवर ठेवला. "काका, बाप नुसता दारातच बसून राहतो का हो?"

"न्हाई. पोरगा लांब असतानाच त्याला दिसतो. मग बाप धावत जातो."

"किती लांब असताना?"

"ते... लिव्हलेलं न्हाई."

"मग तळवडे चालेल की. तुम्हाला तर तो रोज दिसतो."

रोज थांबणाऱ्या गाढवीची हकिकत मी घरी सांगितली होती, हे काकांना तेव्हा कळलं. माझ्याकडे त्यांनी फक्त एकदा बघितलं. मग उठले, स्कूटरकडे गेले आणि किक मारली. पुन्हा मारली. आयुष्यात पहिल्यांदाच ती गाढवी खरोखर अडून बसली होती. काकांनी तिला एक सणसणीत लाथ घातली, अगदी बलामासारखी, आणि लुंगी सावरत, पायात स्लिपर असताना, फाटकाकडे चक्क धावत सुटले. सत्तरीचा माणूस! टेम्पोवाला बाजूला झाला.

"साळवे! अहो, थांबा!" देशपांडे ओरडले. बोकडाची दोरी त्यांनी माझ्या हातात कोंबली आणि मोटारीचं दार उघडलं. "असे पोचणार आहात का? बसा!"

"आन् वासरू?"

"राहू द्या हो वासरू! चला, जा... म्हणजे, जाऊ आपण!"

सुनीतानं बोनेटवरचा ट्रे कसाबसा उचलला आणि फारोचा रथ मिसरच्या राजाला शोभेल असा हॉर्न वाजवत, तांबडा समुद्र पार करायला निघाला. पुढच्या सीटवर काका दोन्ही हात जोडून बसले होते. ते प्रार्थना करत होते की काय बोलायचं त्याची तालीम करत होते, ते काचेतून कळलं नाही.

मी दोरी धरून उभा राहिलो. दुपार झाली, टेम्पो निघून गेला, बिल्डिंगमधले सगळे काही ना काही निमित्त काढून खाली आले आणि रेंगाळले. त्यातही अमोल आला तर ज्याचं काही खरं नव्हतं, तो वासरूच मान ताणून सगळ्यांत आतुरतेनं फाटकाकडे बघत होता.