इंदरलालजींचा कम्प्युटर क्लास आणि समधीची मिशी

इंदरलालजींना कम्प्युटर येत नव्हता, यात लाजण्यासारखं काही नव्हतं. गोंदियाकडच्या आमच्या अर्ध्या गोरेगावला येत नाही आणि अर्ध्या गोरेगावचं जेवण व्यवस्थित पचतं. पण आपल्याला तो येतो अशी हवा इंदरलालजींनी स्वतःच भरून ठेवली होती, आणि भरलेली हवा कुठून ना कुठून निघतेच.

जन्मभर एका कचेरीत बडे बाबू होते ते. ऑपरेटरच्या खुर्चीमागे उभं राहून "मार एंटर" म्हणायचं, एवढाच त्यांचा अनुभव. (वरातीत मागून चालणाऱ्यानं घोडी मीच आणली म्हणावं, तसा.) निवृत्त झाल्यावर रिंकीचा, म्हणजे लेकीचा, जुना लॅपटॉप हाती लागला आणि घरादाराची अक्कल काढणं सुरू झालं. बायकोनं, कुंताबाईनं, मोबाईलला बोट लावायची खोटी, की हे ओरडायचे, "हळू! टच आहे तो, कणिक नाही! तुले काही समजत नाही."

त्यातच रिंकीची सोयरीक सौंदडच्या हिरालालजींच्या हिमांशूशी ठरत आली. पोरापोरीची पसंती झालेली. त्याचा फोन आला की रिंकी अंगणात पळायची. अडलं होतं फक्त होणाऱ्या समधीच्या, म्हणजे व्याही हिरालालजींच्या, होकारापाशी. हिरालालजी म्हणजे ताठ माणूस. काळीभोर मिशी, बोलणं कमी. पहिल्या भेटीत इंदरलालजी तासभर आपली थोरवी सांगत होते आणि हिरालालजी शेवटी एवढंच म्हणाले, "हूं."

तो "हूं" इंदरलालजींच्या काळजात रुतला. "याले दाखवतोच मी कोण आहो ते!" म्हणाले आणि पोवार समाजभवनाच्या भोजराज सेक्रेटरीला गाठून त्यांनी नवशिक्यांसाठी कम्प्युटर-इंटरनेटचा क्लास जाहीर केला. प्रमुख पाहुणे कोण? हिरालालजी.

"अवो, पण तुमाले येते का जी?" कुंताबाईनं विचारलं.

"मले? अवो, बडा बाबू होतो मी!"

"मनूनच तं इचारून राहिली."

रविवारी समाजभवन भरलं. लोक क्लासला आले होते की चहा-पोह्यांना, ते भोजराजलाच ठाऊक. पहिल्या रांगेत हिरालालजी, मिशीवर हात ठेवून. त्यांच्यामागे सुशिलाबाई, वय झालेलं, पण आवाज असा की शेतातून हाक मारली तर गावातली माणसं जेवण टाकून उठतील. लॅपटॉपला प्रोजेक्टर जोडलेला (जोडला रिंकीनं, मिरवले हे), आणि लॅपटॉपवर दिसेल ते मागच्या भिंतीवर हातभर अक्षरांत दिसत होतं.

"आजवर तुम्ही सगळे अंधारात होते," इंदरलालजींनी सुरुवात केली. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. "हार्ड डिस्क म्हणजे काय? कोणाले येते? कोणालेच नाही! मले माहीतच होतं. हार्ड डिस्क म्हणजे ढोली. वर्षाचं धान भरून ठेवा. अन् रॅम म्हणजे सूप. एका वेळेस पाखडाल तेवढंच बसते. सूप लहान, तं काम हळू. समजलं? नाही समजलं. सर्व्हर म्हणजे तलाव, इंटरनेट म्हणजे नहर अन् डाटा म्हणजे पानी."

"मंग वायफाय काय जी?" सुशिलाबाईंनी विचारलं.

"नहर न खोदता धानाच्या बांधीत आलेलं पानी!"

लोक खूश झाले. खोटं कशाला बोला, एवढं त्यांनी खरंच छान सांगितलं. इथेच थांबून पोहे वाटले असते तर रिंकीचे अर्धे प्राण वाचले असते. पण इंदरलालजींना हिरालालजींच्या तोंडून "वा" काढायचं होतं, आणि तिकडून अजून "हूं"सुद्धा आला नव्हता.

"आता सर्च इंजिन," ते म्हणाले. "काही अडलं का या खोक्यात विचारायचं. अन् याची मोठी गोष्ट सांगतो. माणसाले विचारलं तं तो गावभर करते. हा खोका कोणाले सांगत नाही! तुम्ही अन् खोका, बस. आता भिंतीवर जे दिसेल ते सगळ्यांनी मोठ्यानं वाचायचं. शाळेवानी, एका सुरात."

आणि भिंतीकडे पाठ, नजर हिरालालजींच्या मिशीवर, अशा थाटात त्यांनी रिकाम्या खोक्यावर क्लिक केलं.

आता, या खोक्यावर नुसतं क्लिक केलं तरी आपण मागे काय काय विचारलं ते तो खाली मांडून दाखवतो. ज्याला कम्प्युटर येतो त्याला हे माहीत असतं.

समाजभवन एका सुरात वाचू लागलं, "रॅम म्हणजे काय, सोप्या भाषेत."

"शाबास! आणखी मोठ्यानं!"

"भाषण देते वक्त पैर काँपते हैं, क्या करें." (टाईप करणं जमत नसल्यानं बडे बाबू खोक्याशी तोंडानं बोलायचे, आणि तोंड गोंदियाकडचं, त्यामुळे हिंदी आलीच.)

"शाब..." इंदरलालजी अडखळले.

"होने वाला समधी घमंडी हो तो क्या करें!" सुशिलाबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर. आणि त्यांना थांबवतं कोण? "सौंदडवाले हिरालालजी मिशी रंगवतात का!"

इंदरलालजींनी खांद्यावरचा दुपट्टा काढून चटकन लॅपटॉपवर टाकला. वा रे बडे बाबू! लॅपटॉप झाकला गेला, भिंत तशीच. शेवटी कुंताबाई उठून प्रोजेक्टरच्या पुढ्यात उभी राहिली, तर "घमंडी समधी" भिंतीवरून तिच्या फिकट लुगड्यावर आला आणि लोकांनी तिथूनही वाचला.

हिरालालजी उभे राहिले. रिंकीच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळं संपलं, बापानं भर सभेत माझं लग्न मोडलं, असंच तिला वाटलं, आणि वाटण्यात काही चूक नव्हती.

"बसा जी समधी!" कुंताबाई म्हणाली. "उठता कायले? आपल्यात समधीले गारी देतेत का नाही?"

पोवारांच्या लग्नात बाया समधीचं नाव घेऊन त्याची गाण्यात यथेच्छ टर उडवतात, ती गारी. तिला रुसणाऱ्या समधीची पुढे सगळ्या सोयऱ्यांत चेष्टा होते.

"लग्नात देतेत," हिरालालजी म्हणाले.

"मंग! आमच्या माणसाले धीर कुठी आहे? लग्नाच्या पहिलेच भिंतीवर लावली. अन् गारी काही परक्याले देत नसतेत जी. आपला समजला मनूनच दिली ना!"

 आता जावं तर गारीला रुसलेला समधी म्हणून नाव व्हायचं. हिरालालजी हळूहळू बसले. मिशीवरून एकदा हात फिरवला.

"हूं," ते म्हणाले. "मिशी असली आहे. रंग तेवढा दुकानातला." मग भोजराजकडे वळून म्हणाले, "सोयरीक पक्की. आणा पोहे."

रिंकीनं आईला जी मिठी मारली, ती सोडेचना. इंदरलालजींकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

पुढे साखरपुड्याला घर पाहुण्यांनी भरलं. रिंकीनं फोटो दाखवायला लॅपटॉप वायरनं हॉलमधल्या टीव्हीला जोडून आतल्या खोलीत ठेवला होता. हिरालालजींच्या घरच्या बायांनी गारी सुरू केली, तर सूप, ढोली, थरथरते पाय, सगळं त्यात. नवीन काही रचायची त्यांना गरजच पडली नाही. लोक पोट धरून हसत होते. इंदरलालजी हळूच आत सटकले, दार लोटलं, लॅपटॉपवर खोका उघडून जवळ तोंड नेलं आणि कुजबुजले. खोका कोणाले सांगत नाही, हा विश्वास अजूनही शाबूत होता.

हॉलमधलं गाणं एकदम थांबलं.  मग पन्नास गळ्यांतून, शाळेवानी, एका सुरात वाचन झालं, "सब लोग हँसे तो चेहरा कैसा रखें!"

पाठोपाठ कुंताबाईचा आवाज आला, "हसरा ठेवा जी! अन् पहिले तो वायर काढा. हळू, लॅपटॉप आहे तो, कणिक नाही!"