निसर्गकक्षातली अनधिकृत हालचाल

मुलांना निसर्गाची गोडी लावायची असेल, तर आधी त्यांना निसर्गापासून सुरक्षित अंतरावर बसवावं लागतं. सुज्ञ पालकांना हे पहिल्यापासून ठाऊक होतं. शाळेला जरा उशिरा कळलं. पालक समितीच्या पाहणीत गणवेशावरच्या डागांपैकी नव्वद टक्के डाग मातीचे निघाले (उरलेले दहा टक्के डब्यातल्या भाजीचे, आणि भाजीही शेवटी मातीतूनच येते, हे समितीने खेदाने नमूद केलं). तेव्हा शाळेने वरच्या मजल्यावर निसर्गकक्ष उभारला.

कक्ष खरोखर देखणा होता. हिरव्या भिंती, हिरवा गालिचा, कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड (खऱ्याची पानं गळतात आणि मुलं कारण विचारत बसतात). माती बरणीत, झाकण पक्कं, वर सूचना: ‘स्पर्श करू नये’. मधल्या टेबलावर रबरी गांडूळ आणि त्याची पाटी, ‘शेतकऱ्याचा मित्र’. मुलांनी चपला बाहेर काढून, हात धुऊन, रांगेने निसर्गाजवळून जायचं होतं.

ही सगळी जबाबदारी शिवणाच्या बाईंवर आली. त्यांच्या घराच्या खिडकीत एक कुंडी आहे, असं कुणीतरी पाहिलं होतं. तज्ज्ञ असेच सापडतात. बाईंचं दुर्दैव असं, की त्यांना बागकाम खरंच आवडायचं. शाळेमागे भिंतीलगत मातीची एक पट्टी उरली होती. तिथे त्यांनी दुसरीच्या मुलांकडून घेवडा पेरून घेतला होता आणि नुकतेच कोंब वर आले होते. मधली सुट्टी झाली की मुलं खेळ सोडून त्या कोंबांभोवती उकिडवी बसत.

मुख्याध्यापकांनी मात्र पट्टीचा निकाल लावून ठेवला होता.

"बाई, आज तपासणीचे साहेब कक्ष पाहून खूश झाले, की मागे फरशी घालून टाकू. वर एवढा निसर्ग असताना खाली माती हवीच कशाला?"

"सर, कोंब आलेत हो. पोरांचा जीव अडकलाय त्यात."

"मग फोटो काढून कक्षात लावा. फोटोला पाणी घालावं लागत नाही."

कक्षाची चावी बाईंकडे होती, त्यामुळे दारात हसत उभं राहणं भाग होतं.

साहेब आले. मुलं स्वच्छ हात मागे बांधून बरणीभोवती उभी राहिली. तेवढ्यात दुसरीतली एक मुलगी बाईंच्या पदराशी आली. ती सतत काहीतरी गुणगुणायची, म्हणून सगळे तिला भुंगा म्हणत.

"बाई, रागावणार नाही ना? तो रबराचा अगदी एकटा असतो. म्हणून मी त्याला मित्र आणलाय."

तिची कंपासपेटी उघडी होती. रबरी गांडुळाशेजारून एक खरं गांडूळ, अंगाला माती लावून, सावकाश निघालं होतं. कक्षात येताना त्याने हातपाय धुतले नव्हते (त्याला ते नसतात, ही सबब नियमात बसत नाही).

मुख्याध्यापक पांढरेफटक झाले. साहेब वाकले. चष्मा पुसून पुन्हा वाकले.

"वा! मॉडेल फारच हुबेहूब आहे. बॅटरीवर चालतं का?"

बाईंनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं, मग भुंग्याकडे. खरं सांगितलं, तर पट्टी गेलीच. खोटं बोलणं जिवावर येत होतं. शेवटी त्यांनी फक्त विचारलेल्याचं उत्तर दिलं.

"नाही साहेब. मातीवर. ओल्या मातीवर."

"वीज अजिबात नाही?"

"अजिबात नाही. आवाजही करत नाही."

साहेबांनी उभ्या उभ्या शेरा लिहिला, की हे उपकरण प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती द्यावं आणि शाळेने त्याच्या इंधनाचा साठा कायम राखावा. त्यामुळे पट्टीवर फरशी आली नाही. कुंपण आलं, आणि ‘इंधन विभाग’ अशी पाटी. मुलं आता रोज तिथे कोपरापर्यंत माखून इंधनाची देखभाल करतात. घेवडा भिंतीवर चढलाय (नोंद: उपउत्पादन). मुख्याध्यापक स्वतः पाणी घालतात. डागांबद्दल एकाही पालकाची तक्रार नाही, कारण आता ते डाग तांत्रिक शिक्षणाचे आहेत. बाई तर इतक्या खुशीत आहेत, की शिवणाच्या तासालाही त्यांच्या नखांत माती असते.

शाळेचं नाव झालं. चौकशीला लोकांची रीघ लागली: उपकरण मिळतं कुठे, घरी वापरता येतं का, मुलांच्या त्वचेला चालतं का? बाई प्रत्येकाला शांतपणे सांगतात, की घराखाली उतरा, जरा खणा, तिथेच आहे. लोक मान डोलावतात आणि विचारतात, "ते खरं हो बाई, पण चांगल्या कंपनीचं कुठे मिळेल?"

वाचकांनी शाळेचा पत्ता विचारू नये. जागा भरल्या आहेत. तशी गरजही नाही. आपल्या मुलाला आत्ता खाली सोडलंत तरी काम होईल.

पण त्याची नुकतीच आंघोळ झाली असेल, नाही का?