वत्सलाचा अर्थमंत्री

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मेथीची जुडी निवडली. रविवार होता. ती खाली बसलेली, मी पलंगावर, मध्ये जुना पेपर पसरलेला आणि समोर टीव्ही. नवं सरकार येऊन आठवडा झाला होता. हारतुरे झाले, शपथा झाल्या, पण अर्थखातं कोणाला हे काही ठरत नव्हतं. मी म्हणालो, टीव्हीवरच्या या जाकीटवाल्यालाच मिळणार आणि त्यालाच मिळायला पाहिजे.

"तुम्ही काड्या पानांत टाकताय," ती म्हणाली.

मी म्हणालो, मी अर्थखात्याचं बोलतोय.

"मीही तेच बोलतेय. ज्याला मेथीतलं काय ठेवायचं नि काय टाकायचं ते कळत नाही, त्यानं राज्याचा अर्थमंत्री ठरवू नये."

एवढं बोलून तिनं माझा ढीग ओढून घेतला आणि पहिल्यापासून परत निवडला. दुपारी जेवून जरा पडते म्हणाली, ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. मला एवढी वर्षं वाटायचं, या बाईला नुसतं तोंडच आहे.

तर ही वत्सला, माझी बायको. बिबवेवाडीत आमच्या घरापासून चार सोसायट्या सोडून दामले साहेब राहतात, बँकेतून रिटायर झालेले. त्यांच्याकडे ती पोळ्यांना जायची. आणखी दोन घरं होती, पण ती गुडघ्यांनी सोडायला लावली. मी नारायण पेठेत एका बाइंडिंगच्या कारखान्यात होतो. हजारो पुस्तकं बांधली, वाचलं एकही नाही. बांधणारा वाचत बसला तर मालक हाकलतो. शाळा माझी चौथीपर्यंत, तिची सातवी. हे तीन इयत्तांचं अंतर तिनं मला संसारभर विसरू दिलं नाही.

शेजारच्या बायका मालिका बघायच्या. ही मंत्रिमंडळ बघायची. सरकार कुणाचंही येवो, बाकीची खाती ती मोकळ्या हातानं वाटून टाकायची. गृहखातं कुणालाही द्या, पोलीस आपलं आपण बघून घेतात. शिक्षण ज्याला नको असतं त्यालाच मिळतं, ते त्यालाच द्या. पाणीपुरवठ्याला कुणी नसला तरी चालेल, तसंही नळाला काही येत नाही. खडकवासला धरण भरलं काय नि आटलं काय, आमच्या मजल्यावर सारखंच. पण अर्थखातं मात्र ती मुख्यमंत्र्यावर सोडायला तयार नसायची. ती म्हणायची, मुख्यमंत्री म्हणजे घरातला पुरुष, हार त्याच्या गळ्यात. डब्यात पीठ किती उरलंय ते अर्थखात्याला माहीत.

पुढाऱ्यांची नावं ती घ्यायची नाही, जसे काही सगळे तिचे नवरेच. या खेपेला निवडणूक लागल्यापासूनच दोघं शर्यतीत होते. एक जाकीटवाला, एक चष्मेवाला. त्यांना पारखायची तिची स्वतःची पद्धत होती. बातम्या लागल्या की ती टीव्हीचा आवाज बंद करायची. बोलणं ऐकलं की माणूस फसतो म्हणे, हात बघावेत. मग मुक्या टीव्हीसमोर आम्ही दोघं म्हातारे, आणि ही मला समजावून सांगणार. बघा, चष्मेवाल्यानं पाण्याचा ग्लास आधी मागच्याकडे दिला. बघा, जाकीटवाला बसायच्या आधी शेजारच्याची खुर्ची बघतोय. मी म्हणायचो, अगं, ते काय म्हणतात ते तरी ऐकू दे. ती म्हणायची, ते काय म्हणणार ते मला पाठ आहे, हवं तर मी म्हणून दाखवते. आणि खरंच दाखवायची. हात जोडून, मान वाकडी करून, "पक्ष देईल ती जबाबदारी."

माझं म्हणणं साधं होतं. जाकीटवाल्याला द्या, कारण त्याचं पोट आधीच भरलेलं आहे. उपाश्याच्या हातात पळी दिली तर तो आधी स्वतःला वाढून घेणार. जेवलेला माणूस निदान पंगतीकडे बघेल तरी. हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं, माझं मी काढलेलं होतं, आणि मला ते फार हुशारीचं वाटायचं.

वत्सलाला नाही वाटायचं. "भरल्या पोटाला भूक म्हणजे काय ते आठवत नाही. ज्यानं एकदा तरी पाणी पिऊन रात्र काढलीय त्याच्याच हातात पळी पाहिजे. तुमचं मत ठेवा उशाखाली."

हे उशाखाली ठेवणं आमच्याकडे रोजचं. माझी इतकी मतं उशाखाली गेली की मान अवघडायची.

मत नसलेला माणूस तिला चालायचा नाही. भाजीवाल्याला विचारायची, तुझा अर्थमंत्री कोण रे? तो बिचारा म्हणायचा, आपल्याला काय करायचंय मावशी. झालं. पिशवीतली कोथिंबीर परत त्याच्या गाडीवर. ज्याला मत नाही त्याची कोथिंबीरही शिळी असते, हा तिचा नियम. सोसायटीच्या वॉचमनला मराठी धड येत नव्हतं, पण तोही शहाणा झाला होता. ती दिसली की लांबूनच ओरडायचा, "मौसी, चष्मेवाला." त्याला दिवाळीला जास्तीचे दोन लाडू मिळाले. याला माझ्या माहितीत निवडणूक म्हणतात.

दामले साहेबांकडे ती दीड तासाच्या कामाला अडीच तास लावायची. साहेब स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून पेपर वाचायचे आणि ही लाटता लाटता वाद घालायची. साहेब मला एकदा रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले होते, "तुमच्या सरकारला लवकर खातेवाटप करायला सांगा. आम्ही रोज करपलेल्या पोळ्या खातोय." मला वाटलं, तिथंही चष्मेवाल्याचंच कीर्तन चालत असणार. वाटणार काय, मला खात्रीच होती.

एक खरं सांगतो. मला आयुष्यात फार काही नको होतं. एकदा, एकदाच, त्या बाईनं म्हणावं, "तुमचं बरोबर आहे." भाजी कुठली आणायची याबद्दल म्हटलं असतं तरी चाललं असतं. तेही कधी म्हणाली नाही. आणि मेथी निवडून गेली.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धविहारात बरेच लोक आले. भन्तेजी चांगलं बोलले. नगरसेवकपदाचे दोन इच्छुक होते, तेही बोलले, आणि त्यांना वत्सलाचं नाव चिठ्ठीवर बघावं लागलं. नात्यातल्या लोकांनी मला पाळीपाळीनं सांगितलं की बरं झालं, त्रास न होता गेली. मी म्हणालो, हो, सगळा मला ठेवला. मग ते दुसरीकडे जाऊन बसले. मुलगी म्हणाली, बाबा, माझ्याकडे चला नाशिकला, इथं एकटे काय करणार? मी म्हणालो, खातेवाटप होऊ दे, मग बघू. ती रडायला लागली. मी चेष्टा करत नव्हतो.

मुलगी नाशिकला परतल्यावर घरात कुणी मला नाही म्हणेना. टीव्ही लावायचो, आवाज मोठा ठेवायचो, जाकीटवाला बोलायचा. मी मोठ्यानं म्हणायचो, यालाच द्या. कुणी काही म्हणायचं नाही. असं बरोबर असण्यात काही मजा नसते.

एका संध्याकाळी दामले साहेब काठी टेकत दोन जिने चढून आले. खुर्चीत बसले, धाप ओसरू दिली.

"मी सांत्वनाला आलेलो नाही," ते म्हणाले. "ते मला जमत नाही. माझा एक वाद अर्धा राहिलाय."

मी म्हणालो, कुणाशी?

"तुमच्याशी. जेवलेल्याच्या हातात पळी द्या, हे तुमचंच ना?"

हे तुम्हाला कुणी सांगितलं, मी विचारलं.

"कोण सांगणार? वत्सलाबाई. मी जन्माचा चष्मेवाल्याच्या बाजूचा. मी त्याचं नाव काढलं की त्या लाटणं थांबवायच्या. 'आमचे हे म्हणतात' अशी सुरुवात, आणि मग तुमचं सगळं म्हणणं, पंगत, पळी, उपाशी माणूस. मी म्हटलं, बाई, मी बँकेत जन्म काढलाय. तर म्हणाल्या, 'आमच्या ह्यांनी पुस्तकांत जन्म काढलाय. ते उगाच बोलत नाहीत.'"

साहेबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

"महिनाभर मला उत्तर सुचलं नाही हो. आता सुचलंय, तर त्या नाहीत."

मी चहा करतो म्हणालो. साहेब म्हणाले, साखर नको. मी आत जाऊन ओट्याला धरून उभा राहिलो आणि चहा टाकायचा विसरलो. साहेबांनी बराच वेळ वाट पाहिली, मग बाहेरूनच म्हणाले, "राहू दे. सकाळी या तुम्ही. वाद पुरा करू." आणि काठीचा आवाज जिन्यावरून खाली गेला.

सकाळी उठून दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला. पेपरात अजून तेच होतं, खातेवाटप लवकरच. मी चार सोसायट्या चालत गेलो आणि दामले साहेबांची बेल दाबली. त्यांनी दार उघडलं, खुर्ची पुढे सरकवली आणि लगेच सुरू झाले की आता ऐका, तुमच्या त्या पळीवर माझं उत्तर असं आहे.

मी म्हणालो, "थांबा साहेब. आमच्या मंडळींचं म्हणणं आहे, चष्मेवाल्याला द्या."

साहेब गोंधळले. "पण वत्सलाबाई तर उलट सांगायच्या."

"ते तुमच्याकडे," मी म्हणालो. "घरी तिचं स्वतःचं होतं. ते तुम्ही ऐकलेलं नाही."

साहेबांनी पेपराची घडी घालून बाजूला ठेवली. मी बसलो आणि सांगायला लागलो.