पेटीवाले कंट्रोलरसाहेब

आमचे कंट्रोलरसाहेब पेटी वाजवताना डोळा मारतात. वय एकाहत्तर, डोक्यावर पांढरी टोपी, चेहरा पंचनाम्याला बसल्यासारखा. आणि भर मैफलीत, गौळण रंगात आलेली असताना, उजवा डोळा फटकन मिटतात. धृपद आलं की डावा.

तीर्थपुरीला एका वास्तुशांतीत पहिल्या रांगेत यजमानांच्या सासूबाई बसल्या होत्या. पहिल्या डोळ्याला त्यांनी पदर सावरला. दुसऱ्याला लेकीला कोपर मारलं. तिसऱ्याला सरळ उठल्या आणि म्हणाल्या, "हे म्हातारं मला डोळा मारून राह्यलं!" कार्यक्रम थांबला. साहेबांनी दोन्ही हात जोडले. "बाई, तुमची शप्पथ. तो डोळा तुम्हाला न्हवता, पानाला होता."

यावर कुणाचा विश्वास बसेल? शेवटी समोरचा टॅबलेट सगळ्या पाहुण्यांसमोर फिरवून, डोळा मारून, पान उलटून दाखवावं लागलं. सासूबाईंनी स्वतः तीनदा मारून बघितला. मगच गौळण पुढे गेली.

साहेब जाफराबादच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. खिडकीतून गाड्यांची नावं पुकारण्यात आयुष्य गेलं. गाव त्यांना कंट्रोलर म्हणतं आणि त्यांनाही तेच आवडतं. गाणं त्यांना वेळापत्रकासारखंच समजतं. "सम म्हंजे स्टँड, गुरुजी. लेट पोचलं तर गुन्हा. आधी पोचलं तर डबल गुन्हा, पॅसेंजर मागं राहतो." गुरुजी म्हणजे मी. जिल्हा परिषद शाळेत शिकवतो, आणि त्यांच्या उजव्या हाताला बसून तबला वाजवतो.

"कागदावर न्हाई ते रस्त्यावर न्हाई," हे त्यांचं आवडतं वाक्य. बारा वर्षं वाजवत असलेला अभंगसुद्धा ते समोर लिहिलेले स्वर असल्याशिवाय वाजवत नाहीत. टॅबलेट यायच्या आधी वही होती, लोखंडी स्टँड होता आणि स्टँडला चिमट्याने लावलेला एक छोटा दिवा होता. अडचण एवढीच, की पेटीला डावा हात भात्यावर लागतो आणि उजवा पट्ट्यांवर. पान उलटायला तिसरा हात आणायचा कुठून? तो तिसरा हात म्हणजे माझा डावा. पान आलं की मी डग्गा सोडून वही उलटायचो. दर दोन मिनिटांनी डग्गा गायब व्हायचा. जाफराबादेत कित्येकांना वाटायचं, की ही आमच्या वाजवण्याची खास ढब आहे. एकाने तर ती शिकवाल का म्हणून विचारलं.

आणि तो दिवा! पावसाळ्यात संध्याकाळी दिवा लागला रे लागला, की तालुक्यातली सगळी चिलटं वहीवर उतरायची. आता आपल्या स्वरलिपीत स्वराच्या डोक्यावर टिंब दिलं की तो वरच्या सप्तकातला. एकदा एक चिलट नेमकं 'रे'च्या डोक्यावर येऊन बसलं. साहेबांनी कागदावर दिसलं ते वाजवलं. शांत चाललेला अभंग एकदम किंचाळला. मी दचकलो, टाळ चुकले. पुढच्या आवर्तनात चिलट उडून 'ग'च्या डोक्यावर बसलं. साहेबांनी तेही वाजवलं.

"कंट्रोलर," गाणं संपल्यावर काशिनाथमामा म्हणाले, "चाल लई भारी होती. चिलटाला बिदागी द्या."

काशिनाथमामा आमचे गायक. तेही एसटीतलेच, पण ड्रायव्हर. आता ड्रायव्हर आणि कंट्रोलर यांचं नातं तुम्हाला सांगायला नको. गाडी लेट का आली, यावरून हे दोघं नोकरीभर भांडले. निवृत्त झाल्यावर भांडायला कारण उरलं नाही, म्हणून बहुधा दोघांनी मिळून भजनी मंडळ काढलं. मामांनी आयुष्यात कागदाला हात लावला नाही. एकच गौळण आज एका वाटेने न्यायचे, उद्या दुसऱ्या.

"रस्ता पायाला ठावूक अस्तो," मामा म्हणायचे. "मी काय नकाशा बघून जालन्याला जात होतो का?"

"म्हणूनच लेट येत होता, डायव्हर."

टॅबलेट पुण्याच्या लेकीने पाठवला. तो डोळ्याच्या इशाऱ्यावर पान उलटतो, उजव्याला पुढचं, डाव्याला मागचं, हे तिनेच फोनवर शिकवलं. साहेबांनी वह्यांतल्या सगळ्या पानांचे फोटो काढून त्यात भरले. पडद्यावर लिहायला एक पेनही आलं होतं. टॅबलेट ते धुतलेल्या पंच्यात गुंडाळून आणायचे आणि सगळ्यांच्या शेवटी उघडायचे. माझा डावा हात डग्ग्यावर परतला. लोक म्हणाले, गुरुजींच्या हातात आता पहिल्यासारखी मजा राहिली नाही.

मग मामांच्या छातीने त्रास द्यायला सुरुवात केली. दमा आधी थोडा होताच. गेल्या हिवाळ्यात तो छातीत ठाण मांडून बसला. एका कार्यक्रमात ओळीच्या मधोमध श्वास तुटला आणि मामा तोंड उघडं ठेवून नुसतेच बसून राहिले. मी ठेका धरून ठेवला. पेटी कागदाप्रमाणे पुढच्या ओळीवर निघून गेली. ऐकणाऱ्यांत कुणीतरी हसलं.

दोन दिवसांनी मी साहेबांकडे गेलो. मला सांगायला लाज वाटते, पण बोललो मीच. "साहेब, मामांना आता आराम द्यावा. लोकांसमोर त्यांची शोभा होते."

साहेब पेटी पुसत होते. "त्याला सांगितलं का?"

"नाही. म्हटलं, तुम्ही सांगाल."

"पाहू," म्हणाले, आणि पुसत राहिले.

त्यानंतर ते रोज दुपारी टॅबलेट पंच्यात गुंडाळून मामांच्या घरी जाऊ लागले. रस्त्यावरून जाताना आवाज यायचा. "पुन्हा म्हण!" "आत्ता तर म्हणलो!" "बराबर न्हाई, पुन्हा म्हण!" मामींनी मला बाजारात गाठलं. "गुरुजी, तुमच्या कंट्रोलरला सांगा हो जरा. माणूस आजारी आहे अन् हा रोज भांडायला येऊन राह्यला." मलाही राग आला. आजारी माणसाला सुद्धा कागदावर बसवायचं म्हणजे काय!

महिनाभराने अंकुशनगरला एका कामगाराच्या निवृत्तीचा सत्कार होता. साहेबांनी मला न विचारता मामांचं नाव कळवून टाकलं. दुपारी चारची वेळ, मंडपात तिरकं ऊन. टॅबलेटच्या काचेवर ते असं चमकायला लागलं, की साहेबांना काही दिसेना. त्यांनी स्टँड थोडा माझ्याकडे वळवला, तेव्हा पडदा दोघांनाही दिसू लागला. टॅबलेट आल्यापासून मी त्यांची पानं पाहिलीच नव्हती.

मामांनी गौळण धरली. मी पडद्याकडे पाहिलं. काळ्या स्वरांच्या मध्ये लाल अक्षरांत लिहिलं होतं:

'इथं काशा दमतो. चार मात्रा पेटी. त्याच्याकडं पाहायचं न्हाई.'

मामा दमले. पेटीने चार मात्रा भरल्या, इतक्या सहज, की जणू ती जागा पेटीचीच होती. चौथ्या मात्रेवर मामा परत आले.

'इथं खोकंल. आवाज वाढवायचा.'

मामा खोकले. समोर कुणालाही ऐकू गेलं नाही.

'ही ओळ विसरल्यासारखं करतो. विसरत न्हाई, श्वास घेतो. आपण दोनदा वाजवायची.'

पानांमागून पानं अशी होती. तोंडावर कायम 'डायव्हर' असलेला माणूस तिथे सगळीकडे 'काशा' होता. साहेबांची नजर पडद्यावर. मान एकदाही मामांकडे वळली नाही. शेवटच्या पानावर स्वर जवळजवळ नव्हतेच. एवढंच होतं: 'इथं काय करील सांगता येत न्हाई. तयार राहायचं.'

मामांनी तिथे खरंच वरचा सूर लावला. तो टिकला, थरथरला आणि तुटला. साहेबांनी तोच सूर पेटीवर धरला. एक आवर्तन, दोन, तीन. भाता हळूहळू चालत होता. मीही ठेका अगदी हलका केला. किती वेळ गेला कळलं नाही. मग मामांनी खालून, सावकाश, तो सूर पुन्हा उचलला आणि गौळण घरी आणली. मंडपात टाळ्या पडल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून मी तबल्याची हातोडी शोधायच्या निमित्ताने खाली वाकलो.

परतताना जीपमध्ये मामा खुशीत होते. बाहेर उसाच्या फडांवर संध्याकाळचं ऊन उतरलं होतं.

"पाहिलं का गुरुजी? एका जागी अडलो न्हाई. छातीबिती सगळं मनाचं अस्तं. अन् ह्या कंट्रोलरला अजून बी कागद लागतो!"

मी बोलायला तोंड उघडलं. साहेबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून तो दाबला.

"लागतो बाबा," ते म्हणाले. "आपलं डोकं न्हाई तुझ्यासारखं. पाणी पी."

मामा पाणी प्याले आणि थोड्या वेळाने साहेबांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपले. साहेब खिडकीबाहेर बघत होते. हात काढायचं विसरले असावेत, तो माझ्या गुडघ्यावरच राहिला. एक बोट मात्र हळूच वर जायचं, खाली यायचं. मी आधी म्हटलं, एखादा ताल घोळत असेल डोक्यात. कुठलाच ताल लागेना. मग शेजारी झोपलेल्या मामांच्या छातीकडे पाहिलं, तेव्हा बोट आणि ती छाती बरोबर चाललेली दिसली.